४ मिनिटं एक्स्पोज केलं तर रेषा उघडत नाहीत, अडीच केलं तर इमल्शनच निघून जातं. स्क्रीन प्रिंटिंग शिकतेय, मदत करा

रेषा_आणि_जाळी:

नमस्कार सगळ्यांना. मी आर्ट स्कूलमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, प्रिंटमेकिंग घेतलंय आणि या टर्मला स्क्रीन प्रिंटिंग पहिल्यांदाच करतेय. आधी लिनोकट आणि एचिंग केलं होतं त्यामुळे वाटलं होतं की हे त्यामानाने सोपं जाईल, पण गेले तीन आठवडे स्क्रीन (चौकटीवर ताणलेली जाळी) इमल्शनने, म्हणजे लाइटने कडक होणाऱ्या लेपाने, कोट करायची, लाइटखाली एक्स्पोज करायची, धुवायची आणि परत साफ करायची एवढंच चाललंय, दाखवण्यासारखा एकही प्रिंट हातात नाही.

चित्र आहे एका जुन्या जिन्याचं, पेनने केलेलं, सावल्या सगळ्या बारीक आडव्या-उभ्या रेषांनी भरल्यात. तीन रंग करायचेत, खाली पिवळसर सपाट रंग, त्यावर निळसर करडा सावलीसाठी आणि सगळ्यात वर काळी रेषा. चार आठवड्यांनी सबमिशन आहे, १५ प्रिंटची आवृत्ती द्यायचीय, सगळे प्रिंट एकसारखे हवेत.

सरांनी डेमो दिला तेव्हा सांगितलं होतं ४ मिनिटं एक्स्पोज करा. मी ४ मिनिटं दिली तर धुताना जाड रेषा उघडतात (तिथलं इमल्शन निघून जातं) पण बारीक रेषा बंदच राहतात, कितीही पाणी मारा. म्हणून टाइम कमी करत करत अडीच मिनिटांवर आले, तर बारीक रेषा उघडल्या पण आजूबाजूचं इमल्शन बुळबुळीत होऊन निघायला लागलं आणि शेवटी कोपऱ्यातून सालच निघाली. मधला ३ मिनिटांचा टाइमही करून बघितला, त्यात दोन्ही त्रास थोडे थोडे आहेत. ड्रॉइंग स्कॅन करून लेझर प्रिंटरने ट्रान्सपरंट शीटवर (फिल्मवर) काढलंय. मेश (जाळी) ९०टी आहे, म्हणजे सेंटीमीटरला ९० धागे, पिवळी. इमल्शन डायझोचं (डायझो पावडर मिसळून करतात ते), स्टुडिओतल्या डब्यातलं, सगळे तेच वापरतात.

अजून दोन गोष्टी. पिवळा रंग (तो कसाबसा एका स्क्रीनवर जमला) छापताना पाच-सहा प्रिंटनंतर जाळी चोक होते, वॉटरबेस शाई आहे. आणि दुसऱ्या रंगाची फिल्म पहिल्या रंगाच्या फिल्मवर ठेवली तर एका टोकाला बरोबर बसते आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ २ मिमी सरकलेली दिसते, फाइल तर एकच आहे! मैत्रीण म्हणते उन्हात एक्स्पोज कर, चांगलं येतं. करू का? वर्गात वीस जणांत एकच एक्स्पोजर युनिट आहे त्यामुळे दिवसाला एकच चान्स मिळतो आणि तो वाया गेला की रडायला येतं खरंच.


शेवटचं_वर्ष:

तुझं वाचून दोन वर्षांपूर्वीचा मीच आठवलो, अगदी हाच प्रॉब्लेम होता आणि मी पूर्ण महिना टाइमच बदलत बसलो होतो. टाइमचा दोष नाहीये. तुझी फिल्म पुरेशी काळी नाही.

कसं होतं बघ. यूव्ही लाइट इमल्शनला लागला की ते कडक होतं आणि पाण्यात विरघळत नाही, जिथे काळं आहे तिथे लाइट अडतो म्हणून तो भाग मऊ राहतो आणि धुतला जातो. आता लेझर प्रिंटरचा टोनर डोळ्याला काळा दिसतो पण तो दाट नसतो, त्यातून लाइट झिरपतो. ४ मिनिटांत तुझं बाकीचं इमल्शन नीट कडक होतं पण तेवढ्याच वेळात रेषांच्या मागूनही लाइट गेलेला असतो, म्हणून त्या अर्धवट कडक होतात आणि उघडत नाहीत. तू टाइम कमी केलास, रेषा वाचल्या, पण बाकीचं इमल्शन कच्चं राहिलं आणि निघालं. म्हणजे तुला दोन वेगळे त्रास वाटतायत ते एकच आहे, आणि या फिल्मवर बरोबर टाइम असा मिळणारच नाही, मधला पण नाही.

आत्ताच्या आत्ता करून बघ: फिल्म खिडकीला किंवा लाइट टेबलवर धर आणि काळ्या भागातून बघ. उजेड तपकिरी-करडा दिसला, किंवा काळ्यात बारीक भोकं दिसली, तर फिल्म गेली. काही जण दोन प्रिंट एकावर एक चिकटवतात, जाड आकारांना ते चालतं, तुझ्या बारीक रेषांना नाही चालणार कारण दोन्ही फिल्म तंतोतंत बसणार नाहीत. का बसणार नाहीत याचं उत्तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नातच आहे, लेझर प्रिंटरमध्ये शीट गरम रोलरमधून जाते आणि उष्णतेने फिल्म थोडी आकसते नाहीतर ताणली जाते, दरवेळी सारखी पण नाही. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्याला २ मिमी फरक, हे त्याचंच लक्षण आहे. तू स्क्रीन किंवा कागद हलवून काहीही केलंस तरी हे जुळणार नाही कारण चित्राचाच आकार बदललाय.

इंकजेटवर, इंकजेटसाठी कोटिंग असलेल्या फिल्मवर, सगळ्यात गडद सेटिंगला प्रिंट काढ. तिन्ही रंगांच्या फिल्म एकाच दिवशी एकाच मशीनवर काढ. आणि फिल्म स्क्रीनवर ठेवताना शाईची बाजू इमल्शनला चिकटून हवी, मध्ये फिल्मची जाडी आली की लाइट कडेने आत शिरतो आणि पहिला बळी बारीक रेषेचा जातो. काचेवर दाब नीट आहे ना तेही बघ.

मग टेस्ट. एकच दिवस दे याला पण दे. एका स्क्रीनवर तुझ्याच हॅचिंगचा (सावलीच्या बारीक रेषांचा) तुकडा पट्टीसारखा सात-आठ वेळा ठेव. सगळ्यांना २ मिनिटं दे, मग पहिल्या पट्टीवर काळा कार्डबोर्ड ठेवून १ मिनिट, मग पहिल्या दोन झाकून अजून १, असं करत शेवटची पट्टी ८ मिनिटांपर्यंत ने. धुतल्यावर बघ. डायझोमध्ये एक सोय आहे, कमी एक्स्पोज झालेल्या पट्ट्यांचा रंग पिवळट-वेगळा राहतो आणि जिथून पुढे दोन पट्ट्यांच्या रंगात फरक दिसेनासा होतो तिथे इमल्शन पूर्ण कडक झालेलं असतं. त्या पट्टीत बारीक रेषा उघडल्या असतील तर तो तुझा टाइम. नसतील उघडल्या तर परत फिल्मकडे जा, टाइमकडे नको.

ऊन नको. ऊन दर तासाला बदलतं, ढग आला की गेलं सगळं, आणि तुला तीन स्क्रीन एकसारख्या हव्यात.


स्टुडिओ_सांभाळतो:

मी एका आर्ट स्कूलच्या प्रिंट स्टुडिओत टेक्निशियन आहे. वरच्या दादांनी फिल्मचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मला त्याच्या आधीच्या पायरीबद्दल बोलायचंय कारण मुलं तिथे घाई करतात आणि मग सगळा दोष एक्स्पोजरवर जातो.

इमल्शन सुकलेलं आहे असं तू कशावरून ठरवतेस? हाताला कोरडं लागलं म्हणून? हात फक्त वरचा थर सांगतो. आत ओलावा राहिला तर तेवढा भाग कडक होतच नाही, कितीही लाइट दे, आणि धुताना ते बुळबुळीत होऊन स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) बाजूने निघतं. तुझी साल निघाली त्यात निम्मा हात ओलाव्याचा असेल असं मला वाटतं. हवा दमट असली की दोन तासांत सुकणारी स्क्रीन रात्रभर घेते. पंखा चालेल, गरम हवा ४० अंशांच्या वर नको. आणि स्क्रीन आडवी ठेव, छपाईची बाजू खाली, म्हणजे इमल्शन जाळीतून खाली सरकून कागदाला टेकणाऱ्या बाजूला बसेल, तिथेच ते हवंय. भिंतीला उभी टेकवलीस तर खालच्या कडेला ओघळ जमतो आणि एकाच स्क्रीनवर दोन जाडी होतात, मग एक टाइम दोन्हीला कसा पुरणार.

कोटिंग: एकदा छपाईच्या बाजूने, एकदा स्क्वीजीच्या बाजूने, बस. मुलांना वाटतं जाड लावलं की टिकेल. जाड लावलं की टाइम वाढतो आणि बारीक रेषा बुजतात. कोटरची (इमल्शन लावायच्या पन्हळीची) धार जाळीला टेकवून एका दमात वर ने, मध्ये थांबू नकोस, थांबलीस तिथे आडवी रेघ येते. त्याआधी जाळी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धू आणि धुतल्यावर मधल्या भागाला हात लावू नकोस, बोटाच्या तेलाने इमल्शनमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात आणि तिथून शाई गळते. हे सगळं पिवळ्या लाइटखाली करायचं, ट्यूबलाइटखाली कोट केलेली स्क्रीन अर्धा तास पडली तर ती अर्धी एक्स्पोज झालेलीच असते.

डब्याचं पण बघ. डायझो पावडर मिसळल्यापासून इमल्शनचं आयुष्य मोजकं असतं, फ्रिजमध्ये काही महिने, बाहेर त्यापेक्षा बरंच कमी. आमच्या इथे मी मिसळल्याची तारीख डब्यावर मार्करने लिहितो आणि ती नसलेला डबा वापरू देत नाही. तुमच्या डब्यावर तारीख नसेल तर जे कोणी स्टुडिओ बघतात त्यांना सरळ विचार, राग येणार नाही कुणाला.

आणि ते ४ मिनिटं. कुणीतरी कधीतरी टेस्ट करून काढलेला आकडा असतो तो, तेव्हाच्या दिव्यासाठी, तेव्हाच्या अंतरासाठी. दिवा जुना झाला की यूव्ही कमी होतो, डोळ्याला उजेड तेवढाच दिसतो. दिव्याचं अंतर दुप्पट केलं तर टाइम चौपट लागतो. पांढऱ्या मेशवरून पिवळ्या मेशवर आलं तरी टाइम वाढतो, कारण पिवळा धागा यूव्ही पितो, त्याचा फायदा असा की लाइट धाग्यातून आडवा पसरत नाही आणि रेषेची कड साफ येते. तुझ्याकडे पिवळी आहे हे चांगलं आहे. तर ४ हा आकडा वहीतून खोडून टाक आणि स्वतःचा लिही, बाजूला तारीख, मेश, किती कोट, कुठली फिल्म हे पण.

धुताना आधी दोन्ही बाजू नुसत्या ओल्या कर आणि मिनिटभर थांब. लगेच जोरात फवारा मारायचा नाही. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही हे सांगायची गरज पडू नये, पण पडते, म्हणून सांगतोय.


कागद_आधी:

मी बरीच वर्षं प्रिंटमेकिंग शिकवलं, आता फक्त स्वतःचं काम करते. मला थोडं वेगळं म्हणायचंय बाळा, आणि ते ऐकून तुझा वेळ वाचेल असं मला मनापासून वाटतं.

तू एचिंग केलेली मुलगी आहेस, तुझ्या हातात रेषा आहे. मग ती रेषा स्कॅनर, प्रिंटर, टोनर या सगळ्यातून का फिरवतेस? फिल्मवर थेट काढ ना. दाणेदार ड्राफ्टिंग फिल्म मिळते, तिच्यावर दाट काळी शाई, लिथो क्रेयॉन (मेणकट काळा खडू), अपारदर्शक पेन, काय हवं ते चालतं. हाताने भरलेली काळी शाई टोनरपेक्षा कितीतरी दाट असते, आणि क्रेयॉन दाण्यांवर बसून जो खरखरीत पोत देतो तो हाफटोन (ठिपक्यांत रूपांतर) न करता जसाच्या तसा स्क्रीनवर येतो. शिवाय तीन फिल्म लाइट टेबलवर एकावर एक ठेवून काढल्या तर उष्णतेने आकसायचा प्रश्नच उरत नाही, त्या एकमेकींवर बसवूनच जन्माला येतात.

आणि तुझा सपाट पिवळा रंग, त्याला इमल्शन कशाला हवंय? पातळ न्यूजप्रिंट कागदातून आकार काप, छापायच्या कागदावर ठेव, वर रिकामी स्क्रीन, शाई ओढ. पहिल्या ओढीतच शाईने स्टेन्सिल जाळीला चिकटतं. मधले सुटे तुकडे, म्हणजे जिन्याच्या कठड्यातली जागा वगैरे, तेही आपोआप चिकटून वर येतात, त्यांना जोडणारे पूल ठेवायची गरज नाही. कागद हळूहळू भिजतो म्हणून मोठी आवृत्ती निघत नाही पण १५-२० सहज निघतात, तुला तेवढेच हवेत. कडा मात्र सावकाश काप, कापलेली कड छापात अगदी उघड दिसते आणि तीच त्याची मजा आहे.

मी विद्यार्थ्यांना पहिला महिना इमल्शनला हातच लावू देत नसे. कारण एकदा का फोटो-स्टेन्सिल (इमल्शनवर लाइटने केलेलं) हातात आलं की मुलं स्क्रीनकडे झेरॉक्स मशीन म्हणून बघायला लागतात, स्क्वीजी किती दाबायचा, शाई किती घट्ट हवी, कागद काय पितो हे शिकायचं राहूनच जातं. हे माध्यम मुळात स्टेन्सिलचंच आहे, जपानमधले कापडाचे कारागीर कागदी स्टेन्सिल कापत होते, मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने १९०७ला पेटंट घेतलं तेव्हाही स्क्रीनवर फोटो-इमल्शनचा पत्ता नव्हता. मे १९६८ला पॅरिसच्या एकोल द बोझारमध्ये विद्यार्थ्यांनी शाळा ताब्यात घेऊन पोस्टर छापायला सुरुवात केली ती लिथोग्राफीने, वेग पुरेना म्हणून स्क्रीनवर आले, आणि ते पोस्टर आजही बघ, एक रंग, ठसठशीत आकार, त्याच्यापुढे सुबकपणा फिका पडतो. लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात शिकवणाऱ्या कोरिटा केंटने १९६०च्या दशकात जी कामं केली ती नक्की शोधून बघ, रस्त्यावरची, जाहिरातीतली अक्षरं घेऊन त्यांतून तिने काय काय केलंय. आर्ट स्कूलमध्ये स्क्रीन शिकायची म्हणजे हे शिकायचं असं मी मानते.


शेवटचं_वर्ष:

मॅडम तुमचं पटतं, दाणेदार फिल्मचं तर हजार वेळा पटतं, पण पहिला महिना इमल्शन बंद हे मला नाही पटत. आम्हाला अख्खी टर्म मिळून सहा-सात वेळा युनिट मिळतं, एक्स्पोजर जितक्या उशिरा सुरू करू तितक्या चुका सबमिशनच्या तोंडावर होतात. चुका लवकर झालेल्या बऱ्या. आणि हिची काळी रेषा पेपर स्टेन्सिलने होणार नाहीच, ती इमल्शननेच करावी लागेल. पिवळा कागदाने, करडा आणि काळा हाताने काढलेल्या फिल्मने, असं केलं तर एक अख्खी स्क्रीन वाचते हे मात्र मला सुचलं नव्हतं, मी पण करणार आता.


कागद_आधी:

मान्य आहे, माझ्या वेळी वर्गात आठच मुलं असायची. वीस जणांत एक युनिट असेल तर तू म्हणतोस तसंच करावं लागेल.


कापडावरून_कागदावर:

जाळी चोक होण्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मी आधी कापडावर छापायचो, आता कागदावरच काम करतो, आणि या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलंय.

वॉटरबेस शाई जाळीत उघडी राहिली की सुकते, साधी गोष्ट आहे, मग ती उघडी राहू द्यायची नाही. प्रत्येक प्रिंट ओढला की लगेच फ्लड करायचं, म्हणजे स्क्रीन कागदावरून किंचित उचलून स्क्वीजीने हलका हात फिरवून डिझाइनवर शाईचा थर पसरून ठेवायचा, दाब अजिबात नको, शाई खाली जाता कामा नये. हा थर झाकणासारखं काम करतो. मग निवांत कागद बदला. बरेच नवशिके प्रिंट ओढून स्क्रीन तशीच उघडी ठेवतात आणि प्रिंट बघायला जातात, कसा आलाय, मैत्रिणीला दाखवतात, परत येईपर्यंत बारीक रेषा गेलेल्या असतात. प्रिंट नंतर बघा, रॅकवर टाका आणि पुढचा कागद घ्या. दोघी मिळून करा, एकीच्या हाताला शाई, एक फक्त कागद देणार-घेणार, कागदावर बोटांचे ठसे पण पडत नाहीत.

शाईत रिटार्डर (शाई सावकाश सुकवणारं द्रव्य) टाक, डब्यावर लिहिलंय त्याच्या वर जाऊ नकोस नाहीतर प्रिंट चिकट राहतो. शाई खूप घट्ट असेल तर ट्रान्सपरंट बेस (बिनरंगाची शाई) मिसळ, पाणी ओतू नकोस, पाण्याने कडा फुटतात. पंखा तोंडावर असेल तर बंद कर, सुकवायच्या रॅककडे वळव.

तरी चोक झालीच तर लगेच धुवायला पळू नकोस, स्क्रीन जागेवरून हलली की रजिस्ट्रेशन (रंगावर रंग जुळवणं) परत करावं लागतं. न्यूजप्रिंटवर फ्लड न करता दोन-तीन वेळा दाबून ओढ, ओल्या स्पंजने खालून हलकं टिप, परत न्यूजप्रिंटवर ओढ, बहुतेक वेळा उघडते.

आणि कुणीतरी तुला सांगेल की प्लॅस्टिसॉल (टी-शर्टवर छापायची शाई) वापर, ती कधी सुकत नाही. खरंय, सुकत नाही, पण म्हणूनच कागदावर नको. तिला पक्कं व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात, टी-शर्टला हीट देता येते, तुझ्या कागदाचं काय होईल. मी हा प्रयोग केलाय, आठवड्यानंतरही बोटाला रंग लागत होता.

स्क्वीजी कुठला वापरतेस? मऊ, ६०-६५ शोअरचा (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) असेल तर तो वाकतो आणि जास्त शाई सोडतो, कापडाला ठीक. बारीक रेषेला ७५च्या आसपासचा हवा आणि धार तीक्ष्ण, गोल झालेली नको. साधारण ६०-७० अंशात धरून एकसारखा ओढ. स्क्रीन आणि कागदात २-३ मिमी अंतर ठेव, स्क्वीजी पुढे गेला की मागची जाळी लगेच सुटून वर आली पाहिजे, चिकटून राहिली तर रेषा फिसकटते. पण अंतर खूप वाढवू नकोस, जाळी जास्त ताणली जाते आणि चित्रच लांबतं, मग रजिस्ट्रेशनला शिव्या द्यायच्या.


रेषा_आणि_जाळी:

एवढं सगळं इतक्या मनापासून लिहिलंत, खरंच खूप आभार. चार वेळा वाचलं. लेझरची फिल्म खिडकीला धरली तर काळ्यातून समोरच्या झाडाचा आकार दिसत होता!! तीन आठवडे मी टाइम बदलत होते.

डब्यावर तारीख नव्हती. विचारल्यावर नवीन डबा मिळाला आणि आता त्यावर तारीख पण आहे. सपाट पिवळा कागदाच्या स्टेन्सिलनेच करतेय. दाणेदार फिल्मवर काळी रेषा परत काढली, दोन दिवस गेले पण स्कॅनपेक्षा कितीतरी जिवंत आलीय, पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा क्रेयॉनने केल्या. टेस्ट केली रात्रभर सुकवलेल्या स्क्रीनवर. ५ आणि ६ मिनिटांच्या पट्टीत रंगाचा फरक दिसत नाही आणि ६लाही सगळ्यात बारीक रेषा उघडल्या. ८ला काही बंद झाल्या. म्हणून साडेपाच धरलाय. म्हणजे मी अडीचकडे जात होते आणि खरा टाइम ४च्या पण वर होता.

आता रजिस्ट्रेशनचं सांगाल का कुणी? फिल्म जुळतायत पण कागद दरवेळी सारखा कसा ठेवायचा? मी मास्किंग टेपच्या खुणा करत होते.


स्टुडिओ_सांभाळतो:

टेपवर पेनची खूण नको, डोळ्याने जुळवायचं म्हणजे दरवेळी अर्धा मिमी इकडे-तिकडे होणारच. अडकण हवी. जाड कार्डाचे तीन छोटे तुकडे टेबलावर चिकटव, दोन लांब बाजूला, एक आखूड बाजूला, कागद दरवेळी तिन्हींना टेकला की झालं. अडकण कागदापेक्षा फार जाड नको, जाळीला खालून टोचेल. तिन्ही रंगांना कागदाचे तेच दोन काठ टेकवायचे, मागे पेन्सिलने बाण करून ठेव म्हणजे उलटा जाणार नाही. एकाच गठ्ठ्यातले कागद असले तरी कापताना काठात फरक असतो, म्हणून तेच काठ.

नवा रंग बसवायला टेबलाला एका बाजूने पारदर्शक शीट टेपने बिजागरीसारखी लाव. नवा रंग आधी त्या शीटवर छाप. मग शीटखाली पहिल्या रंगाचा प्रिंट सरकवत जुळव, जुळला की त्याच्या काठांना अडकणी लाव, शीट उलटून बाजूला. स्क्रीन यात हलत नाही, फक्त कागद हलतो. हे एकदा केलं की कळेल, वाचून अवघड वाटतं.

कागद एक दिवस आधीच स्टुडिओत आणून मोकळा ठेव. कागद हवेतला ओलावा घेतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, पहिला रंग कोरड्या दिवशी आणि दुसरा दमट दिवशी छापला तर फरक पडतो. आणि करडा रंग काळ्या रेषेच्या खाली अर्धा-एक मिमी घुसवून ठेव, अगदी कडेला कड लावू नकोस. १५ हवेत तर २५ कागदांपासून सुरू कर.


रेषा_आणि_जाळी:

अपडेट! पिवळा २६ कागदांवर गेला, कागदाचं स्टेन्सिल शेवटच्या चार-पाच प्रिंटना थोडं सुटायला लागलं होतं पण टिकलं. करडा काल झाला, २२ चांगले. काळा आज सकाळी. मैत्रिणीने कागद दिले-घेतले, मी फक्त फ्लड आणि ओढ, एकदाही चोक नाही झाली. १८ प्रिंट असे आहेत की एकावर एक ठेवले तर फरक दिसत नाही. काळी रेषा शेवटच्या स्क्रीनमधून उतरताना बघितली ना तेव्हा हात थरथरत होता, तीन आठवडे ज्या रेषा उघडत नव्हत्या त्या सगळ्या, सगळ्या कागदावर होत्या.

दोन छोटे प्रश्न. १५ची आवृत्ती म्हटल्यावर उरलेल्या तीन प्रिंटचं काय करायचं? आणि खाली माध्यम म्हणून सेरिग्राफ लिहू की स्क्रीनप्रिंट?


कागद_आधी:

शाब्बास गं. क्रेयॉनने झिजलेल्या कडा केल्यास हे वाचूनच मला छान वाटलं.

उरलेल्यांतले दोन आर्टिस्ट प्रूफ (चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती) म्हणून ठेव, त्यावर आकड्याऐवजी ए/पी लिहायचं. तिसरा, ज्यात तुला काही खटकतंय असा असेल, तो स्वतःजवळ ठेव, मागे काय खटकलं ते लिहून. बाकीच्यांवर १/१५ पासून १५/१५, पेन्सिलने, चित्राच्या खाली डावीकडे, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. छापले त्याच क्रमाने आकडे द्यायलाच हवेत असं नाही. पेन नको, पेन्सिलच.

सेरिग्राफ हा शब्द १९३०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला, कार्ल झिग्रोसर या प्रिंट-क्युरेटरच्या नावावर तो आहे, चित्रकारांनी केलेली स्क्रीन दुकानाच्या पाट्या छापणाऱ्यांच्या स्क्रीनपेक्षा वेगळी ओळखू यावी म्हणून. आता तशी गरज कुणाला वाटत नाही. स्क्रीनप्रिंट लिही.


स्टुडिओ_सांभाळतो:

अभिनंदन. आता जाऊन त्या स्क्रीन धू, शाई आजच निघाली पाहिजे, उद्या नाही निघणार. काळ्या रेषेची स्क्रीन मात्र मार्क मिळेपर्यंत रिक्लेम करू नकोस (इमल्शन काढून रिकामी करू नकोस), एखादा प्रिंट खराब झाला तर परत छापता येईल. आणि रिक्लेम करशील तेव्हा इमल्शन रिमूव्हर लावून फोन घ्यायला जाऊ नकोस, ते जाळीवर सुकलं तर इमल्शन कायमचं बसतं, मग जाळी फाडून नवीन लावण्याशिवाय इलाज नाही. हातमोजे घालून, एका वेळी एकच स्क्रीन.


रेषा_आणि_जाळी:

निघालेच धुवायला. साडेपाच मिनिटं, ९०टी पिवळी, एक-एक कोट, तारखेसकट वहीत लिहिलंय, आणि युनिटच्या शेजारी भिंतीवर पण चिकटवलंय बाकीच्यांसाठी.